भुलीचें औषध आणि मनाचा अंधार

दुःख आणि विषादरोग या भिन्न गोष्टी होत. दुःखाला कारण असतें व कालानें तें ओसरतें; तीव्र विषादानें ग्रासलेल्या रोग्याला मात्र अन्न, निद्रा, आप्तजन हीं सर्व नकोशीं होतात, आणि कित्येकदां जीवितहि नकोसें होतें. अशा रोग्यास औषध देऊन ‘कांहीं आठवडे धीर धरा’ असें सांगणें डॉक्टरांना भाग पडे. पण धीर हीच तर त्यानें गमावलेली वस्तु!

या प्रतीक्षेला इतिहास आहे. १९५६ सालीं स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथें रोलंड कून यांनीं इमिप्रामीन हें औषध विषादग्रस्तांवर योजून पाहिलें. त्यामागून आलेलीं बहुतेक औषधें मेंदूंतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन यांसारख्या द्रव्यांवर कार्य करीत, आणि त्यांचा गुण येण्यास आठवडे लागत. हा विलंब अटळच, असा समज सुमारें चार दशकें टिकला.

तो समज ज्या औषधानें मोडला, तें मनोविकारांसाठीं शोधलेलेंच नव्हतें. १९६२ मध्यें अमेरिकेंत कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनीं केटामीन तयार केलें. १९७० मध्यें भूल देण्यासाठीं त्यास तेथील सरकारची मान्यता मिळाली. श्वासोच्छ्वास फारसा मंद न करतां भूल देणारें म्हणून व्हिएतनामच्या रणांगणावर जखमींसाठीं त्याचा उपयोग झाला.

२००० सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं अवघ्या ७ विषादग्रस्तांच्या परीक्षेंत हेंच औषध अल्प मात्रेनें शिरेंतून दिलें. तीन दिवसांत त्यांची खिन्नता लक्षणीय उतरली. २००६ मध्यें कार्लोस झराटे यांनीं, इतर उपायांनीं गुण न आलेल्या १८ रोग्यांवर प्रयोग केला. दोन तासांच्या आंतच फरक दिसूं लागला. कांहींमध्यें तो आठवडाभर टिकला.

हें घडतें कसें? मेंदूंतील पेशी ग्लुटामेट या द्रव्याच्या द्वारें परस्परांस संदेश पोंचवितात. केटामीन त्या द्रव्यासाठीं असलेलें, एन्‌.एम्‌.डी.ए. नांवाचें द्वार अडवितें. एक उपपत्ति अशी कीं, इतर पेशींना लगाम घालणाऱ्या पेशी प्रथम मंद होतात, त्यामुळें संदेशांची लाट उसळते आणि पेशींमध्यें नवे सांधे जुळतात. २०१० मध्यें येल येथेंच रोनाल्ड ड्यूमन व त्यांचे सहकारी यांना उंदरांच्या मेंदूच्या अग्रभागांत असे सांधे वाढलेले आढळले. २०१९ मधील दुसऱ्या एका प्रयोगांत उंदरांच्या वर्तनांत आधीं सुधारणा झाली, सांधे मागाहून आले. पण ते सांधे नष्ट करतांच सुधारणाहि टिकली नाहीं. म्हणजे उभारी देणें हें एक कार्य, ती टिकविणें हें दुसरें.

२०१९ मध्येंच एस्केटामीन या त्याच्याच एका रूपास, नाकांत फवारण्याचें औषध म्हणून, अमेरिकेंत मान्यता मिळाली. परंतु तें दवाखान्यांत, देखरेखीखालींच द्यावयाचें. कारण त्यानें रक्तदाब चढतो, कांहीं काळ भान हरपल्यासारखें होतें, व्यसनाचेंहि भय असतें. शिवाय गुण पुष्कळदां ओसरतो. ही जादूची कांडी नव्हे. तथापि प्रतीक्षा हा निसर्गाचा नियम नव्हे, एवढें मात्र सिद्ध झालें. आणि ज्याला एक रात्र काढणेंहि कठीण, त्याच्या दृष्टीनें कांहीं तासांचें मोल आयुष्याएवढें असतें.