एचआयव्ही निदान, प्राथमिक आरोग्यसेवेतील (चंद्रपूर–गडचिरोली)
एचआयव्ही संसर्गाची शक्यता गावपातळीवरच ओळखून रक्त तपासण्याची पद्धत. चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत हिवताप आढळत असल्याने संसर्गाच्या आरंभीचा ताप हिवतापाचाच समजला जाण्याचा धोका असतो. महिन्याहून अधिक काळ ताप वा जुलाब, घटते वजन, तोंडातील बुरशी, नागीण किंवा क्षयरोग आढळल्यास चाचणी सुचवावी. गरोदरपणात ती सर्वांनाच सुचवतात. प्राथमिक चाचणी सकारात्मक आल्यास एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी निदान पक्के करतात. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चाचणी नकारात्मक येऊ शकते. अशा वेळी फेरतपासणी आवश्यक असते. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्यानुसार रुग्णाची संमती व गोपनीयता बंधनकारक आहे. निदान होताच मोफत औषधोपचार सुरू केल्यास रुग्ण दीर्घ, निरोगी आयुष्य जगू शकतो.