तांदळांत लिहिलेली नावे

भिवंडीत मराठी शिकवणाऱ्याला दरवर्षी एका लहानशा अडचणीला तोंड द्यावे लागते. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि जानेवारीपर्यंत हजेरीपटावरच्या काही मुली स्वतःच्या नावाला ओ देईनाशा होतात. एकदा अशाच एका मुलीला मी नाव घेऊन हाक मारली. हातात हिरवा चुडा आणि गळ्यात नवे मंगळसूत्र असलेली ती मुलगी समोरच बसली होती, पण उठली नाही. शेजारणीने कोपराने ढोसले तेव्हा ओशाळून म्हणाली, "मॅडम, ते आधीचं नाव." लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरे नाव लिहिले होते आणि दीड महिन्यात तिचा कान त्या नावाला सरावला होता. मागच्या बाकावर कोकणी मुसलमान घरातली एक मुलगी होती. तिचाही निकाह त्याच हिवाळ्यात झाला होता. ती सहज म्हणाली, "आमच्यात नाव नाही बदलत." वर्ग हसला. हजेरी पुढे सरकली, पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

मराठीत सुनेला नाव ठेवतात आणि सुनेला नावेही ठेवतात. फरक एका मात्रेचा. सातासमुद्रांपलीकडून मराठी घरात सून होऊन आलेल्या स्त्रियांच्या कथा आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. त्या सांगण्याची मोजपट्टी ठरलेली असते. ती नऊवारी नेसली का, मराठी बोलू लागली का, देवापुढे हात जोडू लागली का? 'ती अगदी आपल्यातलीच झाली' या वाक्यावर कथा संपते. आपल्यातली होण्यासाठी तिला काय काय द्यावे लागले, आणि त्यातले किती आपण आपल्याच लेकींकडूनही घेत आलो आहोत, हा प्रश्न त्या कौतुकात राहून जातो.

खाडीपलीकडच्या कल्याणातलेच उदाहरण घ्या. १८६५ साली जन्मलेली यमुना जोशी नवव्या वर्षी गोपाळराव जोशांशी लग्न होऊन आनंदी झाली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने घेतली ती आनंदीबाई जोशी म्हणून. ज्या नावाचा आपण इतका अभिमान बाळगतो ते तिच्या आईबापांनी ठेवलेले नव्हे. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात रमा झाली. दोन यमुना गेल्या. एक आनंदी आली आणि एक रमा. दोघींनाही देश सोडावा लागला नव्हता, केवळ माहेर सोडावे लागले होते. अशा समाजात परदेशातून नवी नवरी आली तर तिचे काय होणार?

या प्रश्नाचे सर्वांत उघडेवाघडे उत्तर १९२८ साली नाशिकात मिळाले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) बावला खून प्रकरणाच्या वादळानंतर १९२६ साली गादीवरून पायउतार झाले होते. पुढे त्यांनी अमेरिकेतील सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलर या तरुणीशी लग्न करण्याचे ठरवले. महाराज आधीच विवाहित होते. जातबांधवांचा विरोध झाला. वधू गोरी आहे यापेक्षा ती धनगर नाही, किंबहुना ती कोणत्याच जातीची नाही, ही खरी अडचण होती. त्यावर निघालेला तोडगा आजही थक्क करतो. मार्च १९२८ मध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अधिपत्याखाली तिचे शुद्धीकरण होऊन ती हिंदू झाली. एवढ्याने भागत नव्हते. धर्म मिळाला तरी जात शिल्लक होतीच. म्हणून धनगर समाजातील एका लष्करी अधिकाऱ्याच्या घराने तिला कन्या म्हणून दत्तक घेतले, आणि मग बडवाह येथे लग्न लागले.

मला यातला दत्तकविधानाचा भाग फार बोलका वाटतो. सासर मिळण्यासाठी आधी माहेर असावे लागते. कन्यादान करायला कन्येवर हक्क असलेला बाप लागतो. सिॲटलचे आईबाप या कामी निरुपयोगी होते. म्हणजे नवऱ्याच्या देशात स्थिरावण्यासाठी त्या मुलीला आधी तिथे जन्म घ्यावा लागला, तोही काही दिवसांत आणि विशिष्ट जातीत. जात जन्माने मिळते हे आपले ठाम मत आणि गरज पडली तर जन्माचीही व्यवस्था करता येते हा आपला व्यवहार, अशी दोहोंची गाठ तिथे पडली. अर्थात वधूसाठी नवा जन्म उभा करण्याची ही सोय राजेसाहेबांना होती. हरिजन वस्तीतल्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या एखाद्या ब्राह्मण कारकुनाला ती कोणी देऊ केली असती असे वाटत नाही.

तिचे नाव ठेवले गेले शर्मिष्ठा. मराठी वाचकाला या नावाशी थबकायला होते. शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची कन्या, म्हणजे असुरांच्या, परक्यांच्या कुळातली राजकन्या. देवयानीची दासी होऊन ययातीच्या राज्यात आलेली, आणि ययातीच्या आयुष्यात विवाहित राणीनंतर आलेली. खांडेकरांच्या 'ययाती'ने ती घराघरांत पोहोचली ती १९५९ नंतर. पण महाभारत माहीत असलेल्या माणसांना १९२८ मध्येही ही कथा ठाऊक होती. नाव निवडणाऱ्यांच्या मनात काय होते याबद्दल तर्क लढवण्यात अर्थ नाही. नावे मात्र ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक बोलतात.

या सगळ्या खटाटोपाला कायद्याचीही एक बाजू होती. ब्रिटिश मुलखात १८७२चा विशेष विवाह कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे वधूवरांना जाहीर करावे लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत ही अट उरली नाही. हिंदू आणि ख्रिस्ती जोडप्याला ती उरलीच. शिवाय दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात असता कामा नये, असेही त्या कायद्यात होते. होळकरांच्या संस्थानात तो लागू नव्हता आणि आधीच विवाहित असलेल्या महाराजांना उपयोगीही पडला नसता. धर्म न सोडता, न बदलता कोणालाही कोणाशीही लग्न करता येईल असा कायदा यायला १९५४ साल उजाडले. तोवर धर्म टाकायचा, दुसऱ्याचा घ्यायचा किंवा त्याच्या रीतीने लग्न लावायचे, एवढेच मार्ग होते. आणि दुसऱ्याचा धर्म घ्यायची वेळ आली तर तो बहुधा बाईने घ्यायचा असे.

चारच वर्षांनी, १९३२ साली, एकोणीस वर्षांची ईव्ह इव्हॉन मादे स्वित्झर्लंडहून आली. वडील हंगेरियन, आई रशियन, जन्म नेऊशातेलचा. सँडहर्स्टला शिकणाऱ्या विक्रम रामजी खानोलकर या मराठी तरुणाशी तिची आल्प्सच्या परिसरात ओळख झाली होती. वडिलांचा विरोध डावलून ती त्याच्यामागे हिंदुस्थानात आली, लखनौला लग्न झाले आणि ईव्हची सावित्री झाली. येथे दत्तकविधान नाही, संस्थानचा गाजावाजा नाही. लष्करी छावण्यांतला संसार आणि बदल्या. तरीही या सावित्रीने जे केले ते नाशिकच्या शुद्धीहून अधिक सखोल होते, कारण ते तिने स्वतःच केले. ती शाकाहारी झाली, मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकली, पुराणे आणि संतचरित्रे वाचली. परमवीर चक्राची आकृती तिची, हे आता पुष्कळांना ठाऊक असते. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम तिच्यावर सोपवले आणि तिने दधीचीच्या अस्थींपासून घडलेल्या इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा त्या कांस्यपदकावर मांडल्या. पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळाले; ते सावित्रीबाईंच्या कन्येचे दीर. दरवर्षी २६ जानेवारीच्या सुमारास ही हकीकत छापून येते आणि तिथेच थांबते.

मला मात्र तिच्या एका कमी चर्चिल्या गेलेल्या कामाचे कुतूहल वाटते. तिने महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले हे ओघाने आलेच. त्याशिवाय तिने संस्कृत नावांचा कोश केला. जिला स्वतःचे नाव तांदळांतून मिळाले तिने नावांचे अर्थ गोळा करत बसावे, यात एखाद्याला भक्ती दिसेल. मला त्यात हिशेब मागणाऱ्या विदुषीची चिकाटीही दिसते. नाव घेतले आहे ना, मग ते कोठून येते, धातू कोणता, हे समजल्यावाचून ती स्वस्थ बसणार नव्हती. १९५२ साली विक्रम खानोलकर गेले. ती मायदेशी परतली नाही, अध्यात्माकडे वळली आणि १९९० साली वारली.

पुरुषांचे काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये 'के दिहुआ' झाले, पण ते नाव त्यांना युद्धभूमीवरच्या कामासाठी मिळाले. को छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न नंतर, १९४१ साली झाले. लग्नाने नाव बदललेला जावई मला अजून सापडलेला नाही.

गेल ऑम्व्हेट यांच्यापाशी येताना ही सगळी पार्श्वभूमी हाताशी हवी. १९४१ साली मिनियापोलिसमध्ये जन्मलेल्या या स्त्रीने लग्नाआधीच महाराष्ट्राचा असा अभ्यास केला होता, जो तिच्या सासरच्या जिल्ह्यातल्या बहुतेक पदवीधरांनी केला नसेल. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवरचा तिचा बर्कलेतला प्रबंध १९७३चा. १९७६ साली तिने भारत पाटणकरांशी लग्न केले आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातील कासेगावात बिऱ्हाड केले. ही सून फुले वाचून उंबरठा ओलांडणारी होती. घरही तसेच होते. सासू इंदूताई स्वतः प्रतिसरकारच्या चळवळीतल्या. सासरे बाबूजी पाटणकर त्याच चळवळीतले, त्यांचा १९५२ साली खून झाला आणि इंदूताईंनी लहानग्या मुलाला वाढवत चळवळही सोडली नाही. सुनेने 'आपल्यातली' व्हावे म्हणून अडून बसण्याचे कारण या घराला नव्हते. ते घरच गावाच्या रूढ अर्थाने 'आपल्यातले' नव्हते.

शलाका पाटणकर असेही त्यांचे नाव काही ठिकाणी छापलेले दिसते. पण पुस्तकांवर त्या शेवटपर्यंत गेल ऑम्व्हेटच राहिल्या. नागरिकत्व मात्र त्यांनी बदलले, १९८३ साली, लग्नानंतर सात वर्षांनी. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. नाशिकात धर्म, जात, माहेर आणि नाव अक्षता पडण्याआधी तयार असावे लागले होते. येथे लग्न आधी, काम आधी, श्रमिक मुक्ती दलाची स्थापना आधी. देश नंतर, आणि नाव बदलण्याची घाई कोणालाच नाही.

सासू आणि सून पुढे ज्या कामात एकत्र दिसतात ते परित्यक्तांचे. १९८०च्या दशकात दक्षिण महाराष्ट्रात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने टाकलेल्या बायकांचा प्रश्न हाती घेतला. नवऱ्याने टाकले, माहेरी भावजयीला अडचण. रेशनकार्डावर नाव कोणाच्या खाली लावायचे इथपासून सुरुवात. सासरचे नाव कागदावर राहिलेले, सासर राहिलेले नाही. स्वतःच्या नावावर रेशनकार्ड, घरासाठी जागा, कसायला जमीन अशा या बायकांच्या मागण्या होत्या. सिॲटलच्या मुलीला दत्तक बाप मिळाला होता. खानापूर-वाळव्याच्या या मुलींना त्यांचे सख्खे बापही परत घ्यायला तयार नव्हते. आपल्याच तालुक्यात परक्या झालेल्या या बायकांच्या मोर्च्यात अमेरिकेहून आलेली सून चालत होती. गेलबाई कासेगावातच २५ ऑगस्ट २०२१ रोजी वारल्या.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीने परीक्षेच्या अर्जावर आधीचेच नाव लिहिले. बारावीच्या प्रमाणपत्रावर तेच आहे. दुसरे लिहायचे तर राजपत्राची प्रत जोडावी लागली असती आणि तेवढा वेळ नव्हता. घरी तिला नव्या नावाने हाक मारतात. पदवीवर कोणते नाव हवे, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "घरी विचारून सांगते." कोणत्या घरी, हे मी विचारले नाही. हजेरीला मात्र मी तेव्हापासून क्रमांक पुकारते.