वेशीवरच्या गावातली नावं

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एस्टेस पार्क नावाचं गाव आहे. उंची साडेसात हजार फूट, वस्ती जेमतेम सहा हजार. रॉकी माउंटन नॅशनल पार्कची ही पूर्वेकडची वेस. मी सप्टेंबरात गेले तेव्हा पार्कात शिरायचा माझा ऑनलाइन स्लॉट दुपारचा होता, म्हणून सकाळ गावात काढली. एल्क जातीची मोठाली हरणं रस्त्यात फिरत होती आणि गाड्या निमूट थांबत होत्या. नकाशावर मात्र जिकडेतिकडे माणसांची नावं: एस्टेस, डनरेव्हन, स्टॅनली, लाँग. ही मंडळी कोण, हे शोधायला लागले आणि नावांमागचा इतिहास उलगडत गेला.

जोएल एस्टेस 1859मध्ये या दरीत आला. त्यानं इथे गुरं पाळली आणि कडाक्याच्या हिवाळ्यांना कंटाळून 1866मध्ये तो निघूनही गेला. दरीला त्याचं नाव दिलं विल्यम बायर्सनं. हा डेनव्हरच्या एका वर्तमानपत्राचा संपादक. 1864च्या उन्हाळ्यात तो एस्टेसकडे उतरला होता.

त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला सैनिकांनी सँड क्रीकला शायान आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर हल्ला केला. मेलेल्यांत बायका, मुलं आणि म्हातारेच जास्त होते. बायर्सच्या पेपरनं या कत्तलीचं समर्थन केलं. एस्टेस यायच्या कितीतरी आधीपासून या दरीत शिकारीला येत होते ते हेच अरापाहो. 1878मध्ये उत्तरेकडच्या अरापाहोंची रवानगी वायोमिंगमधल्या विंड रिव्हर रिझर्व्हेशनवर झाली.

मोकळ्या झालेल्या दरीवर आयर्लंडच्या लॉर्ड डनरेव्हनचा डोळा गेला. 1872मध्ये तो शिकारीला आला आणि त्याला अख्खी दरीच हवीशी वाटली. होमस्टेड कायद्यानुसार सामान्य अमेरिकी माणसाला कसायला 160 एकर सरकारी जमीन मिळायची. डनरेव्हनच्या लोकांनी भलत्यांच्याच नावावर अर्ज भरले आणि त्या जमिनी पुढे त्याच्याकडे वळवल्या. आपल्याकडे याला एकच शब्द आहे: बेनामी. हजारो एकर त्यानं अशीच गिळली. पुढे 1908मध्ये ती फ्रीलन स्टॅनली आणि त्याच्या भागीदारानं विकत घेतली. वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारा हा स्टॅनली क्षयानं खंगून इथे आला होता आणि इथल्या हवेत बरा झाला. 1909मध्ये त्यानं उघडलेलं हॉटेल आजही चालू आहे. स्टीफन किंगला ‘द शायनिंग’ सुचली ती याच हॉटेलात.

1914मध्ये नॅशनल पार्कच्या मागणीनं जोर धरला होता. पार्कच्या प्रचारासाठी कोलोरॅडो माउंटन क्लबला डोंगरांची मूळ नावं हवी होती. ती ठाऊक असलेली माणसं दरीत उरलीच नव्हती. मग विंड रिव्हरहून गन ग्रिसवोल्ड आणि शर्मन सेज हे दोन अरापाहो म्हातारे आणि टॉम क्रिस्पिन हा दुभाषी, अशा तिघांना बोलावून घेतलं. दोन आठवडे ते घोड्यावरून हिंडले आणि ऑलिव्हर टोल हा तरुण टिपणं घेत गेला.

स्टीफन लाँगनं 1820मध्ये लांबूनच पाहिलेलं शिखर नकाशावर ‘लाँग्स पीक’ आहे. अरापाहो ते आणि शेजारचं शिखर मिळून ‘दोन वाटाडे’ म्हणत, कारण मैदानातून ती जोडी दुरूनच दिसते. या 14,259 फुटी शिखरावरची पहिली चढाई 1868मधली, असं नोंदी सांगतात. ग्रिसवोल्डनं मात्र सांगितलं, की त्याचा बाप त्या माथ्यावर गरुड पकडायला सापळा लावायचा. आज मोटारी ज्या ट्रेल रिज रोडनं जातात, त्या बाजूच्या जुन्या वाटेचं नाव होतं ‘पोरांची वाट’. चढ इतका, की पोरांना घोड्यावरून उतरून चालावं लागे.

26 जानेवारी 1915 रोजी पार्क झालं. कोयोटीवरून पडलेलं कावुनीची दरीसारखं एखादं नाव नकाशावर आलं, पण टोलची टिपणं छापून यायला 1962 उजाडलं.

खंडाळ्याच्या सुळक्याला साहेबानं ‘ड्यूक्स नोज’ म्हटलं, तरी नागफणी हे नाव काही गेलं नाही. ते म्हणणारी माणसं सुळक्याच्या पायथ्याशीच राहत होती. एस्टेस पार्कला मात्र अशी नावं दोन आठवड्यांसाठी वायोमिंगहून बोलवावी लागली. काम झाल्यावर ती तिघं विंड रिव्हरला परत गेली.