घरातील तरुण चालक आणि मोटारीचा विमा : हप्ता किती, जोखीम कोणाची?

मुलाने किंवा मुलीने वयाची १८ वर्षे पूर्ण करून वाहन चालवण्याचा परवाना मिळवला की घरच्या मोटारीची किल्ली आणखी एका हातात जाते. त्यामुळे विम्याचा हप्ता वाढेल का, विमा कंपनीला तसे कळवावे लागेल का आणि अपघात झाल्यास भरपाई मिळेल का, असे प्रश्न पालकांसमोर उभे राहतात. भारतातील व्यवस्थेत यांपैकी पहिला प्रश्न वाटतो तितका गंभीर नाही. तिसरा मात्र वाटतो त्याहून अधिक गंभीर आहे.

विमा वाहनाचा, चालकाचा नव्हे

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मोटारविम्याचा हप्ता मुख्यत्वे चालकाचे वय, अनुभव आणि अपघातांचा पूर्वेतिहास पाहून ठरतो. तेथे कुटुंबातील किशोरवयीन चालकाचे नाव पॉलिसीत समाविष्ट होताच हप्ता मोठ्या प्रमाणात वाढतो. त्या देशांत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांचा हा नेहमीचा अनुभव आहे. भारतात मात्र विमा प्रामुख्याने वाहनाशी जोडलेला असतो. मालकाच्या संमतीने वाहन चालवणारी आणि वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती सर्वसाधारणपणे त्या विम्याच्या कक्षेत येते. त्यासाठी प्रत्येक चालकाचे नाव नोंदवण्याची गरज नसते. तथापि, प्रस्ताव अर्जात वाहन कोण चालवणार याविषयी प्रश्न विचारलेला असल्यास त्याचे खरे उत्तर देणे बंधनकारक ठरते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा, म्हणजेच थर्ड पार्टी विमा, सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार निश्चित करते आणि ते इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी वार्षिक २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आकारले जातात. वस्तू व सेवा कर वेगळा असतो. चालक १८ वर्षांचा असो वा ५० वर्षांचा, या दरात फरक पडत नाही. कंपन्यांमधील स्पर्धा केवळ स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी, म्हणजेच ‘ओन डॅमेज’साठी, घेतल्या जाणाऱ्या हप्त्यात असते. त्यामुळे दरांची तुलना करायची ती याच भागाची.

परवाना नसेल तर

विमा पॉलिसीतील सर्वांत महत्त्वाची अट चालकाच्या परवान्याची असते. अपघाताच्या वेळी चालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना नसल्यास मोटारीच्या दुरुस्तीचा दावा नाकारला जाऊ शकतो. शिकाऊ परवाना चालतो; मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ नुसार शेजारी वैध परवानाधारक प्रशिक्षक बसलेला असणे आणि वाहनावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षराची पाटी असणे आवश्यक आहे. शिकाऊ परवान्यावर मुलगा एकटाच मोटार घेऊन गेला, तर अटीचा भंग होतो.

अपघातात जखमी किंवा मृत झालेल्या त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईबाबत स्थिती वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात दिलेल्या निकालानुसार अटीचा भंग सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीवर असते. भंग सिद्ध झाला तरी कंपनीने आधी पीडितांना भरपाई द्यावी आणि नंतर ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. पीडिताला पैसे मिळतात, परंतु अंतिम भार मालकाच्या मालमत्तेवर येतो. मृत्यू अथवा गंभीर दुखापतीच्या प्रकरणांत ही रक्कम लाखो रुपयांच्या घरात जाऊ शकते.

चालक अल्पवयीन असेल तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १९९-अ अन्वये पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि संबंधित अल्पवयीनास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळू शकत नाही. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी झालेल्या अपघातात दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याच्या आरोपामुळे पालकांच्या जबाबदारीचा प्रश्न देशभर चर्चेत आला.

खर्च कोठे वाचतो?

परवानाधारक तरुण चालकाच्या बाबतीत खर्च वाढतो तो प्रामुख्याने पहिल्या दाव्यानंतर. दावा न केल्यास ‘ओन डॅमेज’ हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे अनुक्रमे २५, ३५, ४५ व ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. एका दाव्याने तो सर्वसाधारणपणे शून्यावर येतो. मूळ हप्ता दहा हजार रुपये आणि बोनस ५० टक्के आहे असे मानू. दावा केल्यास पाच हजारांऐवजी पुढील वर्षी दहा हजार आणि नंतर अनुक्रमे ८,०००, ७,५००, ६,५०० व ५,५०० रुपये भरावे लागतील. मूळ हप्ता स्थिर धरल्यास पाच वर्षांत १२,५०० रुपये अधिक खर्च होतात. त्यामुळे नवख्या हातून झालेली सात-आठ हजारांची खरवड किंवा पोचा स्वखर्चाने दुरुस्त करणे अनेकदा फायद्याचे ठरते. मोठ्या नुकसानीसाठी मात्र दावा करण्यास कचरू नये.

प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम विमाधारकाला भरावी लागते. ती १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी एक हजार आणि त्यापुढे दोन हजार रुपये असते. याहून अधिक रक्कम स्वतः सोसण्याची ऐच्छिक तयारी दाखवल्यास हप्त्यात सवलत मिळते. लहान दावे करायचेच नसतील तर हा पर्याय उपयुक्त आहे. परंतु नवखा चालक असताना ती रक्कम झेपेल इतकीच ठेवावी. बोनस टिकवणारे ‘एनसीबी प्रोटेक्शन’ हे जोडसंरक्षण घेण्यापूर्वी त्याचे अतिरिक्त शुल्क आणि किती दाव्यांपर्यंत ते लागू आहे, हे तपासावे. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये वाहन किती चालते आणि कसे चालवले जाते यावर आधारित जोडसंरक्षणांना मुभा दिली. मोटार केवळ सुटीच्या दिवशी बाहेर निघत असल्यास त्यांचा विचार करता येतो.

पॉलिसीचे नूतनीकरण मुदत संपल्यापासून ९० दिवसांत न झाल्यास बोनस हातचा जातो. मुलाच्या नावावर नवी मोटार घेतल्यास पालकांचा बोनस तिला लागू होत नाही. कारण तो वाहनाला नव्हे, विमाधारकाला मिळालेला असतो.

दुर्लक्षित राहणारी बाब

हप्ता वाचवताना चालकाच्या जिवाचे संरक्षण अनेकदा विसरले जाते. मोटारविम्यासोबतचे १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक-चालकासाठी असते. मोटार वडिलांच्या नावावर असून मुलगी ती चालवत असताना जखमी झाल्यास तिला त्याचा लाभ मिळत नाही. मालकाकडून वाहन घेऊन ते चालवणारी व्यक्ती सामान्यतः त्रयस्थही मानली जात नाही. त्यामुळे तिच्यासाठी नाव नोंदवून जोडसंरक्षण अथवा स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घेणे आवश्यक आहे.

हप्ता कमी करण्यासाठी केवळ तृतीय पक्ष विम्यावर विसंबणे जुन्या, अल्प किमतीच्या मोटारीपुरते समर्थनीय ठरू शकते. नवखा चालक असलेल्या घरात नव्या मोटारीबाबत तसे केल्यास वाचलेले पैसे एकाच दुरुस्तीत संपू शकतात. किल्ली देण्यापूर्वी परवान्याचा प्रकार व वैधता, पॉलिसीची मुदत आणि चालकाचे अपघात संरक्षण या तीन बाबी पडताळून पाहणे पालकांच्या हिताचे आहे.