तगरचा माल, भडोचचा भाव

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचं टिपण लिहिलं. आडपडदा नाही: भडोचच्या आखातातले धोके, रोमन नाणं बदलून सुटणारा नफा, सगळं रोखठोक. त्यातच तगर हे शहर येतं, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर. तिथलं साधं कापड आणि तलम मलमल बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर भडोचला जाई.

हे तगर कुठलं? अभ्यासकांची तोंडं दहा दिशांना. विल्फर्डला देवगिरी वाटलं, भगवानलाल इंद्रजींना जुन्नर, भांडारकरांना धारूर. १९०१ मध्ये फ्लीटने आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरवर बोट ठेवलं. पुढे उत्खननांनी त्याचीच बाजू भक्कम केली.

तेरला गेलात तर लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जरूर पाहा. रोमन पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची ती बहीणच शोभावी.