लांब पल्ल्याची नेमबाजी आणि रायफलच्या ॲक्शनची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन रायफल प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदकाचे मानकरी ठरले. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत मात्र हे अंतर १,००० यार्डांपर्यंत जाते. तेथे ॲक्शनची, म्हणजे काडतूस नळीत बंदिस्त करणाऱ्या यंत्रणेची, निवड हा दीर्घकाळ विचाराचा विषय राहिला आहे.

१८९८ च्या माउझर रायफलमध्ये बोल्ट अडकवून धरणारे दात पुढे, काडतुसालगत असतात. त्यामुळे ॲक्शन ताठ राहते. ब्रिटिश ली-एनफिल्डमध्ये ते मागे असल्याने ॲक्शन दाबाखाली किंचित लवते. युद्धात तिची जलद गोळीबाराची क्षमता मोलाची ठरली. अचूकतेच्या दृष्टीने हे लवणे दोष वाटणे स्वाभाविक होते. परंतु इंग्लंडमधील बिस्ली येथील स्पर्धांत वेगळा अनुभव आला. नळीच्या कंपनामुळे मंद गोळी किंचित वरच्या कोनात बाहेर पडे व दूरच्या लक्ष्यावर वेगांतील फरक काहीसा भरून निघे. त्यामुळे ९०० यार्डांपुढे ली-एनफिल्डला पसंती मिळाली. १९७० च्या दशकात खास स्पर्धेसाठी ताठ, एकेक काडतूस भरावयाच्या ॲक्शन पुढे आल्या.

तात्पर्य, ॲक्शनचे श्रेष्ठत्व निरपेक्ष नसते. अंतर, काडतूस आणि स्पर्धेचे नियम यांच्या संदर्भातच ते ठरते.