स्पर्शसंवेदना आणि हाताची पकड
हाताच्या स्नायूंना मेंदूकडून जाणारे आदेश त्वचेकडून येणाऱ्या माहितीनुसार सतत बदलत असतात. तळहात व बोटांच्या केसविरहित त्वचेत सुमारे 17,000 स्पर्शग्राही असून बोटांच्या टोकांशी त्यांची दाटी सर्वाधिक असते. स्वीडनमधील उमेओ येथे रोलँड योहान्सन व योरान वेस्टलिंग यांनी 1984 साली दाखवून दिले, की पकडीचा जोर वस्तूच्या वजनाइतकाच पृष्ठभागाच्या घर्षणावरही ठरतो. रेशीम लावलेली वस्तू सँडपेपर लावलेल्या वस्तूपेक्षा जास्त आवळावी लागते. वस्तू किंचित निसटू लागली, की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आपोआप घट्ट होते, बहुधा धरणाऱ्याच्या नकळत. बोटे भूल देऊन बधिर केली, तर स्नायूंची ताकद शाबूत असूनही काडेपेटीतली काडी काढून ओढणे ही कसरत होऊन बसते.

मॉट व शेरिंग्टन यांनी 1895 मध्ये माकडाच्या एका हाताची संवेदी चेतामुळे छेदली. प्रेरक चेता अखंड असूनही माकडाने तो हात वापरणे सोडले. संवेदनेविना ऐच्छिक हालचाल अशक्यच, हा त्यावरून निघालेला निष्कर्ष मात्र घाईचा ठरला: पुढे एडवर्ड टॉब यांच्या प्रयोगांत धडधाकट हात बांधून ठेवल्यावर माकडे बधिर हात वापरू लागली. पक्षाघातानंतर चांगला हात अडकवून दुबळ्या हाताला कामाला लावणारी उपचारपद्धती यातूनच आली.